गाडी नको, दोन दुपारी दे

पत्र असं आहे:

“ताई, मी ६३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. हे ७१ वर्षांचे. मिरजेचं घर बंद करून गेल्या वर्षी आम्ही ठाण्यात मुलाकडे राहायला आलो, घोडबंदर रोडवर मानपाड्याला. मिरजेत मी कुणावर अवलंबून नव्हते. शाळा तासगाव तालुक्यात होती, नोकरीभर एसटीने गेले-आले. इथे मात्र बाहेर पडायचं म्हटलं की मुलगा नाहीतर सून मोबाइलवरून गाडी मागवून देतात आणि पोहोचेपर्यंत ऑफिसातून फोन करत राहतात. त्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून मी जायचंच टाळते. धाकटी बहीण नेरुळला असते, तिच्याकडेही क्वचितच जाणं होतं. नाटकाची आवड होती, ती सुटली. आता मुलगा म्हणतो, कर्ज काढून दुसरी गाडी घेतो, ड्रायव्हर ठेवतो, इथे गाडीशिवाय निभाव लागत नाही. त्याच्यावर आधीच घराचा हप्ता आहे. मला हे नको आहे. पण लोकलच्या गर्दीचे व्हिडिओ पाहिले की धीर होत नाही. उजवा गुडघा दुखतो. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. या वयात, गाडी नसताना, इथे आपलं आपण फिरता येईल का?”

ताई, येईल. अगदी नीट येईल. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ खरे आहेत, पण ते सकाळी साडेआठचे आणि संध्याकाळी सातचे आहेत. त्या वेळा तुमच्या मुलाच्या आणि सुनेच्या आहेत. तुमच्याकडे दुपार आहे. सकाळी अकरानंतर निघायचं आणि साडेचारच्या आत परतीच्या गाडीत बसलेलं असायचं, एवढं एक पथ्य सांभाळलंत तर निम्मी भीती तिथेच संपते. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई मार्गाच्या, गाड्या सकाळी ठाण्याहून नवी मुंबईकडे भरून जातात, कारण ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या कंपन्यांत कामाला जाणारी माणसं ठाण्याला गाडी बदलतात. संध्याकाळी तीच माणसं उलटी येतात. दुपारी त्याच गाडीत तुम्हाला खिडकीजवळ जागा मिळण्याची चांगली शक्यता असते.

मुलाचं म्हणणं मात्र उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली. जुनं ठाणं त्या स्टेशनला धरून आहे. कौपिनेश्वराचं देऊळ, जांभळी नाका, गोखले रोड, तलावपाळी, गडकरी रंगायतन हे सगळं स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घोडबंदर रोड तसा नाही. तिथल्या इमारती रस्त्याच्या भरवशावर उभ्या राहिल्या, रेल्वे तिथून लांब. त्यामुळे तुमच्या दारातून पाहिलं तर गाडीशिवाय अडतं, हे मुलाला रोज दिसतं. पण अडतं ते दारापासून स्टेशनपर्यंत. पुढे अडत नाही. आणि त्या मधल्या तुकड्यावर तुमची गाडी घेतली तरी तीही माजिवडा नाक्यावरच्या वाहनांच्या त्याच रांगेत उभी राहणार. स्टेशनच्या परिसरात गाडी लावायला जागा शोधणं तर वेगळीच शिक्षा.

म्हणून आधी मानपाडा ते स्टेशन हा तुकडा पक्का करा. तीन पर्याय आहेत. टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस स्वस्त. ती कापूरबावडी, माजिवडा करत जाते आणि स्टेशनच्या पश्चिमेला पोचवते. कंडक्टर आणि प्रवासी ‘कॅडबरी’, ‘नितीन’ अशा नावांनी थांबे सांगतात, ती कंपन्यांच्या नावांवरून पडलेली नाक्यांची नावं आहेत, गोंधळू नका. बस दुपारी घ्या. पायरी उंच वाटली किंवा उभं राहावं लागेल असं दिसलं तर ती सोडा, मागची घ्या. आधार कार्ड जवळ ठेवा आणि ज्येष्ठांना, महिलांना काय सवलत लागू आहे हे कंडक्टरला विचारा. शेअर रिक्षा हा दुसरा पर्याय. त्यात मागच्याच सीटवर बसा. ड्रायव्हरशेजारची चौथी जागा कुणी देऊ केली तरी नको म्हणा, दुखऱ्या गुडघ्याने तर मुळीच नाही. तिसरा पर्याय मीटरची रिक्षा. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहेत. दोघं असाल आणि नेरुळला जायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: रिक्षाच करा, आणि रिक्षावाल्याला ‘ठाणे पूर्व, कोपरीच्या बाजूने’ सांगा.

का ते सांगते. नवी मुंबईच्या गाड्या ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सुटतात आणि ते फलाट स्टेशनच्या पूर्वेच्या टोकाला आहेत. पश्चिमेला सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलावर, उतरलात तर सगळं स्टेशन पुलावरून ओलांडावं लागतं. जिने आहेत, सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे, पण दुरुस्तीसाठी नेमकी त्याच दिवशी बंद असली तर तुमच्या गुडघ्यावर सगळा भार. पूर्वेकडून हे चालणं बरंच कमी होतं. रिक्षाला थोडे जास्त पैसे पडतील. ते गुडघ्यासाठी खर्च केले असं समजा आणि मनाला लावून घेऊ नका. मुलगा ज्या गाडीचा हप्ता भरायला निघाला आहे, त्याच्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

आता नेरुळ. हा प्रवास मी सविस्तर सांगते, कारण तो एकदा हातात बसला की नवी मुंबई तुमचीच. ठाण्याहून पनवेल किंवा नेरुळ लिहिलेली गाडी घ्यायची. स्टेशनं अशी येतात: दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरुळ. अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास. दिघा गाव हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे बहिणीच्या जुन्या सांगण्यात ते नसेल. याच फलाटांवरून वाशीच्या गाड्याही सुटतात. त्या तुर्भ्यापर्यंत तुमच्याच वाटेने जातात आणि तिथून सानपाड्याकडे वळतात. चुकून वाशीची गाडी पकडलीत तर घाबरायचं काही कारण नाही. तुर्भ्याला उतरा, मागून पनवेल किंवा नेरुळची गाडी येते, तिच्यात बसा. तुर्भे हुकलं तर सानपाड्याला उतरा, तिथे मुंबईहून पनवेलला जाणारी हार्बरची गाडी मिळते, तीही नेरुळवरूनच जाते. म्हणजे चुकलात तरी वाट सापडतेच. तिकीटही तेच चालावं म्हणून घाई न करता खिडकीवर ‘नेरुळ, रिटर्न’ असं मागा.

तिकिटाबद्दल थोडं. लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट आजही पाच रुपये आहे. रेल्वेच्या रेलवन ॲपवरून मोबाइलवर तिकीट काढता येतं, पण रुळांच्या अगदी जवळ आल्यावर ते निघत नाही. म्हणून रिक्षात बसल्या बसल्याच काढा. मोबाइलचा कंटाळा असेल तर खिडकी आहेच, दुपारी रांग छोटी असते. विनातिकीट सापडल्यास कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं. सेकंड क्लासच्या तिकिटावर नकळत फर्स्ट क्लासच्या डब्यात शिरलात तरी दंड लागतो. तेव्हा चढण्याआधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. शिक्षिकेला हे मी वेगळं सांगायला नको.

लेडीज डब्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्याच दिवशी तो येईल. तुम्ही लेडीजमध्ये आणि हे जनरलमध्ये अशी ताटातूट ऑपरेशननंतरच्या दिवसांत तरी करू नका. दुपारी जनरल डब्यात दोघांनी एकत्र बसावं, तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव जागाही असते. त्या जागेवर कुणी तरुण बसलेला असेल तर संकोच न करता सांगा. बहुतेक जण लगेच उठतात. एकट्या जाल तेव्हा मात्र लेडीज डबाच घ्या. तो फक्त सुरक्षित म्हणून नाही, तिथे सोबत मिळते म्हणून. ‘मला नेरुळला उतरायचंय, फलाट कुठल्या बाजूला येतो?’ एवढं शेजारणीला विचारा. ती बाजू सांगेल, कधी उठायचं तेही सांगेल, आणि बहुधा तुमची पिशवीही धरेल. मुंबईच्या लोकलमध्ये अनोळखी बाईची बाईला होणारी ही मदत मला फार मोलाची वाटते. ती मागायला लाजू नका.

दारात मात्र उभं राहायचं नाही, कुणी कितीही ‘हवा छान लागते’ म्हणालं तरी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि काहींचे जीव गेले. ती माणसं हौसेने लटकली नव्हती, ऑफिस गाठण्यासाठी त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमच्यापुढे आहे. गाडी भरलेली दिसली की सोडून द्यायची. फलाटावरच्या बाकावर बसायचं, पुढची घ्यायची. चालत्या गाडीत चढायचं नाही, चालत्या गाडीतून उतरायचं नाही, आणि गाडीचं पायदान आणि फलाट यांमधल्या फटीकडे लक्ष ठेवायचं. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, मग चढा. घाई असलेला कुणी धक्का देऊन पुढे गेला तर जाऊ द्या.

नेरुळला उतरल्यावर बहीण पूर्वेला राहते की पश्चिमेला, हे आधीच कागदावर लिहून घ्या. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर मोठा वळसा पडतो. नवी मुंबई सिडको या सरकारी कंपनीने आखून बांधली, वाशीला १९९२ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली आणि ठाणे-वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. स्टेशनं ऐसपैस आहेत, रस्ते रुंद आहेत, पण त्यामुळेच स्टेशन ते सेक्टर हे अंतर नकाशात दिसतं त्यापेक्षा उन्हात जास्त वाटतं. तिथे एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची, बस किंवा रिक्षा घ्या. परत येताना फलाटावर उभ्या असलेल्या पहिल्या गाडीत बसू नका. नेरुळहून मुंबईला जाणाऱ्या गाड्याही सुटतात. गाडीच्या कपाळावर आणि इंडिकेटरवर ‘ठाणे’ वाचा, मग चढा. दुपारी या मार्गावर गाड्यांमध्ये अंतर असतं, म्हणून एम-इंडिकेटर हे ॲप सुनेकडून मोबाइलवर घ्या आणि परतीच्या दोन-तीन वेळा वहीत टिपून ठेवा.

एवढं जमलं की पुढे वाढवा. पनवेलच्या गाडीने पुढे सीवूड्स, बेलापूर, खारघर येतं. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते. बेलापूरला लोकलमधून उतरून थोडं चालावं लागतं, पण मेट्रोत चढल्यावर खारघरच्या सेंट्रल पार्कपर्यंत थंडगार जाता येतं. बहिणीला सोबत घ्या, दोघींची एक दुपार मजेत जाईल.

नाटकाचं तर सोपं आहे. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह तुमच्या घरापासून जवळच्या रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथून सुरुवात करा. गडकरी रंगायतन दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झालं आहे. तिथे दुपारचा प्रयोग निवडा, तलावपाळीला संध्याकाळी रिक्षा मिळायला वेळ लागतो आणि घोडबंदरकडचा रस्ता तेव्हा तुंबलेला असतो. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह स्टेशनपासून लांब आहे, ते दुसऱ्या टप्प्यावर ठेवा.

दादरला जायचं झालं तर ठाण्याहूनच सुटणारी धिमी लोकल घ्या. कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेली जलद गाडी पंधरा-वीस मिनिटं वाचवते आणि तेवढ्यासाठी तुम्हाला उभं करते. ती तुमच्यासाठी नाही.

पाळायच्या गोष्टी थोड्या. रविवारी शक्यतो निघू नका, बरेचदा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या काही तास बंद असतात. निघायचंच तर आदल्या दिवशीच्या पेपरात पाहा. पावसाळ्यात रेड अलर्ट असेल त्या दिवशी नेरुळची बहीण फोनवरच बरी. गाडी मध्येच थांबली तर इतर लोक रुळांवर उड्या मारायला लागले तरी तुम्ही उतरू नका. रेल्वेची हेल्पलाइन १३९ आहे, ती मोबाइलमध्ये साठवून ठेवा. एका छोट्या कागदावर मुलाचा नंबर, यांची औषधं आणि घरचा पत्ता लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाइलची बॅटरी संपली तरी हा कागद उपयोगी पडतो.

आणि गावाकडची ओढ लागली की तुमची एसटी आहेच. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. यांना ६५ ते ७५ वयोगटातली अर्धी सवलत मिळते आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत होईल. शहरातल्या बसला हा नियम लागू नाही, तेवढं लक्षात असू द्या.

आता मुलाशी बोलणं. ही या पत्रातली मला सर्वांत नाजूक गोष्ट वाटते, लोकलपेक्षाही. तो गाडीचा आग्रह प्रेमापोटी धरतोय, हे तुम्हाला कळतंच. पण तुम्ही ‘नको’ म्हणालात की त्याला वाटणार, आई काटकसर करतेय. म्हणून पैशांनी सुरुवात करू नका. असं म्हणा: “मला गाडी नको, तुझ्या दोन दुपारी दे. पहिल्या दुपारी तू आमच्याबरोबर नेरुळला चल, पण तिकीट मी काढणार, फलाट मी शोधणार, तू फक्त शेजारी बस. दुसऱ्या दुपारी तू घरीच थांब, आम्ही दोघं जाऊन येतो. नेरुळला पोचल्यावर एक मेसेज, परत ठाण्याला उतरल्यावर एक. मध्ये फोन करायचा नाही.” शेवटचं वाक्य जरूर म्हणा. काळजीचा फोन दर दहा मिनिटांनी आला की तुमचा धीर वाढण्याऐवजी खचतो, आणि गर्दीत पर्समधून मोबाइल काढणंही सुरक्षित नसतं. सुनेलाही यात घ्या. ती रोज प्रवास करत असेल तर कुठल्या डब्यात गर्दी कमी असते हे तिला तुमच्या मुलापेक्षा जास्त माहीत असेल. तिच्याकडून शिकलात तर तिलाही बरं वाटेल.

पहिली दुपार शनिवारची ठेवा. वजन नेऊ नका. बहिणीसाठी डबा न्यायचाच तर खांद्याला अडकवता येईल अशा पिशवीत. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत.

गाडी कधीच लागत नाही असं मी म्हणणार नाही. रात्रीबेरात्री दुखलं-खुपलं, अंगात ताप आहे, मुसळधार पाऊस पडतोय, सामान आहे, लग्नाला जायचंय, अशा वेळी मोबाइलवरून गाडी मागवा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फक्त ती मागवायला स्वतः शिका. पत्ता टाकणं, गाडीचा नंबर पडताळणं, पैसे देणं, हे सगळं तुमच्या हाताने झालं पाहिजे. गंभीर आजारात १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, कॅबची वाट पाहत बसू नका.

यांच्या ऑपरेशनच्या दिवशी जाताना-येताना दोन्ही वेळा कॅबच करा, आणि त्या दिवशी मुलाला रजा घ्यायला सांगा. नंतरच्या तपासण्यांनाही डॉक्टर हरकत नाही म्हणेपर्यंत बस आणि लोकल टाळा. डोळ्यात धूळ जाते, शिवाय गर्दीत एखाद्याचं कोपर लागायला वेळ लागत नाही. एका डोळ्याला पट्टी किंवा काळा चष्मा असताना पायरीचा अंदाज चुकतो, म्हणून जिन्यावर त्यांच्या खालच्या बाजूला तुम्ही राहा आणि कठडा त्यांच्या हाताला द्या. तोवर तुम्ही एकट्या एकदा नेरुळला जाऊन या. म्हणजे डॉक्टरांनी परवानगी दिली की यांना वाट दाखवायला तुम्ही तयार असाल.